तो आला की सुरू

पाऊस अगदी भुरभुर पडत होता, म्हणून आत्याने कॉम्प्युटरचा डबा जुन्या चादरीत गुंडाळून वर घट्ट गाठ मारून दिली होती. आत्याने मारलेली गाठ सुटत नाही, असा त्यांच्या घरात समज होता. ती गाठ भर रस्त्यात, एका बाजूने बस येत असताना सुटली. डबा भाचीच्या हातांतून घसरला आणि खालून कुणाचे तरी दोन हात पुढे आले.

"सोडू नका... म्हणजे, सोडा. मी धरलाय."

"सोडू की नको?"

"मलाही नीट कळत नाहीये. आधी फुटपाथवर जाऊ या का?"

दोघं डबा मध्ये धरून खेकड्यासारखी तिरकी चालत फुटपाथवर पोचली. तिने त्याच्याकडे पाहिलं. केस ओले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ती चष्म्यांच्या दुकानात काम करायची, त्यामुळे माणसाआधी तिला चष्मा दिसायचा. हा चष्मा पाहून तिचे हात शिवशिवले.

"कुठे न्यायचाय?" त्याने विचारलं.

"पुढच्या वळणावर दुरुस्तीचं दुकान आहे ना, तिथे. पण तिथला माणूस म्हणे फार फटकळ आहे."

"असं? कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात. गिऱ्हाइकाने स्वतः काही खटपट केली असेल तर वसकन अंगावर येतो म्हणे."

डबा त्यानेच उचलून नेला. दुकानाशी पोचल्यावर त्याने तो पायरीवर ठेवला, खिशातून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

तिला वाटलं, मघाची बस आत्ता यावी आणि आपण तिच्यात बसून कुठेही निघून जावं.

"या ना आत," तो म्हणाला. "काही खटपट केली आहे का तुम्ही?"

"नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून, "दोनदा थापट्या मारल्या."

तो हसला. आणि तिच्या डोक्यातला सगळा गोंधळ तिथून सुरू झाला.

कॉम्प्युटर होता आत्याचा. आत्या म्हणजे टायपिंगच्या वर्गात आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेली बाई, आणि आता एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी तयार करणारी. कोडी ज्या प्रोग्रॅममध्ये बनायची तो इतका जुना होता की दुसऱ्या कुठल्याच मशीनवर चालत नव्हता. कॉम्प्युटर बंद म्हणजे कोडं बंद, आणि कोडं बंद म्हणजे आत्या दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांच्या चालण्यातल्या चुका काढणार. आईवडील दूरगावी, घरात या दोघीच. त्यामुळे खिडकीतली ती आत्या हिला एकटीला सोसावी लागायची.

"नेमकं होतं काय?" त्याने विचारलं.

"बटण दाबलं की किंचाळत सुटतो. कुईं कुईं कुईं."

"आणि पडद्यावर?"

"काही नाही."

हे तिने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं आणि ते साफ चूक होतं. पडद्यावर काय येतं ते त्या घरात कुणी पाहिलेलंच नव्हतं. त्याला कारण आत्याची शिस्त. मशीन आधी तापू द्यायचं, हा तिचा जुना नियम. डब्याचं बटण दाबायचं, चहा टाकायला जायचं, आणि चहा घेऊन आल्यावरच पडदा आणि कीबोर्ड दोन्हींवरचं कापडी आवरण काढायचं. हल्ली चहाचं पाणी ठेवेपर्यंत किंचाळी यायची, की आत्या धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद करायची. वीज म्हणजे खेळ नव्हे, असं म्हणून वर हिलाही दम द्यायची.

त्याने डब्याला दुकानातला कीबोर्ड जोडला, दुकानातला पडदा जोडला, बटण दाबलं. कॉम्प्युटर गरीब गाईसारखा सुरू झाला.

"याला काहीच झालेलं नाही," तो म्हणाला.

"असं कसं? घरी तर..."

"रस्त्यात हलला, त्याने एखादी सैल तार बसली असेल. बघा घरी नेऊन."

घरी नेला. दुसऱ्या दिवशी आत्याने बटण दाबलं, चहा टाकला. कुईं कुईं कुईं.

मग तो घरी येऊ लागला. दर रविवारी, हातात अवजारांची पिशवी, चष्म्याची काडी अजून दोऱ्यातच. तो यायच्या आधी आत्या घर आवरायची आणि ते कापडी आवरण घडी करून कपाटात टाकायची, कारण ते खिडकीच्या जुन्या पडद्याचं शिवलेलं होतं, त्याला ठिगळं होती आणि आल्यागेल्यासमोर ठिगळं नकोत. तो टेबलाशी बसायचा, बटण दाबायचा, आणि कॉम्प्युटर निमूट सुरू व्हायचा. आत्या त्याला 'डॉक्टर' म्हणायला लागली. तो चहा पिऊन जायचा, सोमवारी सकाळी कॉम्प्युटर पुन्हा किंचाळायचा.

त्याने बॅटरी बदलली, तारा बदलल्या, आतली धूळ ब्रशने झाडली. डोकं खाजवलं. "मी असलो की चालतो, मी गेलो की बंद," तो एका रविवारी म्हणाला. "असं कधी पाहिलं नाही मी."

"त्याला तुमची सवय झाली असेल," ती म्हणाली. आणि आपण हे काय बोललो म्हणून लगेच उठून खिडकी लावायला गेली. खिडकी आधीच लावलेली होती.

"त्याला एकट्यालाच?" मागून प्रश्न आला.

तिने खिडकी उघडली आणि पुन्हा लावली.

आपल्याला नक्की काय होतंय, हेच तिला कळेना. सोमवारी किंचाळी ऐकली की आधी वैताग यायचा, आणि वैतागाच्या मागोमाग कसलातरी आनंद. दुकानात गिऱ्हाइकाचा नंबर तपासताना ती भलतीच काच लावायची आणि "आता स्पष्ट दिसतंय?" असं विचारायची. कुणी नाही म्हटलं की तिला वाटायचं, मलाही नाही हो दिसत. तो कॉम्प्युटरसाठी येतो हे उघड होतं. पण कॉम्प्युटरसाठी येणारा माणूस निघताना दारात इतका वेळ चपला घालतो का?

एका गुरुवारी आत्याने जाहीर केलं, "पुरे झालं आता. या रविवारी डॉक्टरांना जमलं तर ठीक, नाहीतर सोमवारी भंगारवाल्याला बोलावते. संपादकांनाही कळवते, कोडी बंद म्हणून. त्याचंही वय झालं, माझंही." आणि ती खिडकीत जाऊन बसली. रस्त्यावरच्या कुणाची एकही चूक तिने काढली नाही, तेव्हा मात्र हिला खरी भीती वाटली.

शुक्रवारी आत्या बाजारात गेली होती. आत्याचं अर्धवट कोडं हिने सहज हातात घेतलं. एका शब्दाला अडली म्हणून तिने जाडजूड शब्दकोश उचलला. हा शब्दकोश हल्ली कॉम्प्युटरच्या आवरणावर ठेवलेला असायचा, अगदी कीबोर्डच्या जागी. नवा पंखा बसवल्यापासून आवरण उडायला लागलं होतं, म्हणून आत्याने त्यावर वजन ठेवलं होतं. शब्द शोधता शोधता तिने सवयीने पायाच्या अंगठ्याने टेबलाखालच्या डब्याचं बटण दाबलं.

किंचाळी आली नाही.

तिने आवरण वर केलं. पडदा उजळला होता. कॉम्प्युटर सुरू झाला होता, आणि डॉक्टर तर घरात नव्हते.

तिने तो बंद केला. आवरण घातलं, शब्दकोश ठेवला, बटण दाबलं. कुईं कुईं कुईं. शब्दकोश उचलून कॉम्प्युटर पुन्हा लावला. सुरू. तिने तीनदा करून पाहिलं आणि मग खुर्चीत मटकन बसली. शब्दकोशाच्या वजनाने कीबोर्डची बटणं दाबलेली राहत होती, आणि तशा अवस्थेत सुरू केलं की बिचारा बोंबलत होता. दुकानात कीबोर्ड दुसरा. रविवारी आवरण कपाटात. इतकं साधं होतं सगळं.

आनंदाने उडी मारायला हवी होती. त्याऐवजी ती शब्दकोश मांडीवर घेऊन बसून राहिली. बिघाड सापडला म्हणजे रविवार संपले.

आत्या बाजारातून आली. हिने तोंड उघडलं आणि मिटलं. आवरण जागेवर, शब्दकोश जागेवर. शनिवारी आत्या देवळातून आल्यासारखी शांत बसून होती, जुन्या कोड्यांची कात्रणं चाळत, आणि तिच्याकडे बघून हिला स्वतःचीच लाज वाटत होती. तरी संध्याकाळी आत्या शेजारी गेल्यावर हिने दुकानात फोन लावला. "परत बंद पडलाय. उद्या... याल ना?"

"येतो," तो म्हणाला. इतक्या पटकन, की तिला आणखीनच काही कळेना.

रविवारी तो आला. पिशवी ठेवली, बसायला खुर्ची ओढली. आत्या दारात उभी राहून म्हणाली, "डॉक्टर, आज शेवटचं हं. नाही जमलं तरी तुमचा दोष नाही. उद्या भंगारवाला येतोय." तिचा आवाज जरा कापला.

तो आवाज ऐकला आणि हिला राहवेना.

"बिघाड सापडलाय," ती म्हणाली.

तिने कपाटातून ठिगळांचं आवरण काढलं. आत्या "अगं, ते कशाला" म्हणेपर्यंत कॉम्प्युटरवर घातलं, वर शब्दकोश ठेवला, बटण दाबलं. किंचाळी ऐकताच आत्या भिंतीकडे धावली. "आत्या, थांब. आता बघ." तिने शब्दकोश उचलला, आवरण काढलं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. तो सुरू झाला.

आत्याने शब्दकोशाकडे पाहिलं, कॉम्प्युटरकडे पाहिलं. "म्हणजे मीच त्याचा गळा दाबत होते," ती म्हणाली. मग डोळ्यांना पदर लावून, "चहा टाकते," असं पुटपुटत आत गेली. आतून लगेच भांड्यांचा आनंदी आवाज यायला लागला.

आता तो हसेल, असं तिला वाटलं होतं. पण त्याचा चेहरा पडला होता. तो हातातला स्क्रूड्रायव्हर उगाच फिरवत होता.

"म्हणजे तो खरंच बिघडत होता," तो म्हणाला.

"म्हणजे? तुम्हाला काय वाटलं?"

"दुकानात चालतो. इथे माझ्यासमोर चालतो. मग तुमचा फोन येतो, बंद पडला म्हणून. सगळं तपासून झालं, काही सापडेना. तेव्हा मला वाटायला लागलं, की..." त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "की त्याला काही झालेलंच नाही. तुम्हीच उगाच बोलावता."

"मी?"

"मला बरं वाटायचं तसं समजून. नीट तपासणंसुद्धा सोडलं मी, खरं सांगतो. सापडलं तर काय घ्या. आणि आता कळतंय, तुम्ही खरंच कॉम्प्युटरसाठीच..." तो वाकून पिशवी आवरायला लागला. कान लाल झाले होते.

आतून चहाचा वास आला. तिच्या छातीत इतकं धडधडत होतं की किंचाळी आली असती तरी तिला ऐकू आली नसती.

"शुक्रवारपर्यंत," ती म्हणाली.

"काय शुक्रवारपर्यंत?"

"शुक्रवारपर्यंत खरंच बिघडत होता. शब्दकोशाचं मला शुक्रवारी कळलं."

त्याचा हात पिशवीतच थांबला. तो जरा वेळ हिशेब जुळवत राहिला. "पण फोन तर तुम्ही काल केलात. परत बंद पडलाय म्हणून."

"हो."

"मग काल तो..."

"चालू होता. त्याच्यासमोर बसूनच बोलत होते मी."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हळूच हसला. चष्म्याची काडी दोऱ्यातून सुटून कानाशी लोंबायला लागली, तरी त्याचं लक्ष नव्हतं. तिने हात पुढे करून चष्मा काढून घेतला.

"हा माझ्या दुकानात आणा उद्या. कधीपासून बघवत नाहीये मला."

"आणि पुढच्या रविवारी? आता काय बिघडलंय म्हणून सांगाल?"

तिने त्याचा चष्मा ओढणीने पुसला, दोरा पुन्हा नीट बांधला आणि त्याच्या हातात दिला. आज खिडकीकडे जावंसं तिला वाटलं नाही.

"काही बिघडलेलं नाही म्हणून सांगेन," ती म्हणाली. "तरी या."