मागच्या तारखेची मागणी

पाणी गळणारी बादली हातात घेऊनच डंकन पहिल्यांदा बेकरीत शिरला. बाहेर इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सची गारठवणारी भुरभुर चालू होती आणि ब्रायनीनं नुकतीच फरशी पुसली होती.

"बादली बाहेर," ती म्हणाली.

"आणि मी?"

तिनं त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "तुझं बघू."

डंकन दुकानांच्या काचा पुसायचा. त्या दिवसापासून दहाच्या ठोक्याला तो चीज-कांदा भरून भाजलेली पेस्टी घ्यायला येऊ लागला, आणि समोरच्या काचा पुसताना शिडीवरून तिला हात करू लागला. रविवारी दोघं टेकडीवर फिरायला जात. अशी तीन वर्षं गेली. त्याच्या मनात काय आहे ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. या पठ्ठ्याच्या तोंडून मात्र शब्द फुटेना. एकदा टेकडीवर "ब्रायनी, मला तुला—" एवढं म्हणाला, लाल झाला, आणि चहा हवाय का असं विचारून मोकळा झाला.

मग मे महिन्यात समोरच्या इमारतीची परांची कोसळली. धड बांधलीच नव्हती मेल्यांनी. ती शिडीवर आदळून डंकन शिडीसकट खाली आला, आणि काचेआडून ब्रायनीनं ते सगळं पाहिलं.

त्याची हाडं जुळत आली. तिचं मात्र काही जुळेना. पत्र्याचा ट्रे वाजला की तिला धाप लागे, हात थरथरत. बेकरीत ट्रे वाजणारच... शेवटी नोकरी सोडावी लागली. डॉक्टरांनी आजाराचं नाव लिहून दिलं, त्यावर तिनं भरपाईचा दावा लावला. परांचीवाल्यांच्या वकिलानं उत्तर धाडलं: या बाई दुकानातल्या नोकर, जखमी इसम त्यांचं गिऱ्हाईक, सबब आमची जबाबदारी नाही.

तिच्या वकीलबाई, नसरीन मिर्झा, यांनी कायदा समजावला. जखमी माणसावर जिवापाड प्रेम असेल, तरच पाहणाऱ्याच्या धक्क्याची भरपाई मिळते. बायको किंवा साखरपुडा झालेली मुलगी असेल, तर प्रेम गृहीत धरतात. बाकीच्यांनी ते सिद्ध करायचं.

ब्रायनीचं डोकंच फिरलं. "म्हणजे बोटात अंगठी असेल तर धक्का खरा, आणि नसेल तर मी सोंग करतेय?"

मिर्झाबाईंनी तिच्या जबाबाचा कागद पुढे ओढला.

तेवढ्यात कुबड्यांवर आलेला डंकन म्हणाला, "लिहा की अपघाताआधी, ईस्टरलाच मी हिला मागणी घातली होती. मी सही करतो."

मिर्झाबाईंनी पेन खाली ठेवलं. असलं खोटं आपण कागदावर घेणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. ब्रायनी कसली शांत राहते!

"तीन वर्षं वाट पाहिली मी, डंकन. आणि तू मागणी घालतोयस ती मागच्या तारखेनं? तीही वकिलाकडे?"

"तुझ्यासाठीच तर—"

"माझ्यासाठी खोटं नको बोलूस. खरं बोलायला तीन वर्षं कमी पडली का तुला?"

ब्रायनी वकीलबाईंकडे वळली.

"लिहा. साखरपुडा झाला नव्हता. त्यानं कधी विचारलंच नाही. तरी तो पडला तेव्हा माझं माणूस पडलं. माझं त्याच्यावर प्रेम होतं. अजूनही आहे. आता न्यायाधीशांना काय मोजायचं ते मोजू दे."

कागद छापून आला. तिनं सही केली, वाकडीतिकडी.

डंकननं दोन्ही कुबड्या गालिच्यावर अलगद, आवाज न करता आडव्या ठेवल्या. टेबलाचा आधार घेत तो तिच्यासमोर आला.

"आजच्या तारखेनं विचारतो," तो म्हणाला. "माझ्याशी लग्न करशील?"

मिर्झाबाई खाकरल्या. "अपघातानंतरच्या साखरपुड्याचा खटल्याला उपयोग नाही. हे सांगणं माझं काम आहे."

"बरंच झालं," ब्रायनी म्हणाली. "निदान यात तरी त्यांना नाक खुपसता येणार नाही."

मग तिनं डंकनचा हात धरला. "हो. पण माझा राग अजून गेलेला नाही."