दुसऱ्या सुनेचं खोगीर

सासूबाईंना हातावर हात ठेवून बसणं जन्मात जमलं नाही. सुनेची लांब पल्ल्याची घोडदौड बघायला म्हणून त्या आल्या, आणि अर्धा कप चहा पोटात जायच्या आत मदतनिसांच्या प्रमुख बाईला त्यांनी विचारलं, "एवढी माणसं उभी आहेत, यांत कामाचं कोण?"

बाईने हसत त्यांच्या गळ्यात डॉक्टरांची ठोके ऐकायची नळी अडकवली.

घोड्याच्या मागे उभं राहायचं नाही, हा पहिला धडा एका तरण्या घोड्याने जवळजवळ लाथ घालूनच दिला. दुसरा असा, की इथे नुसतं पुढे पळून भागत नाही. प्रत्येक फेरीनंतर खोगीर उतरवायचं, घोड्याला पाणी मारायचं आणि पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे नळी लावून छाती ऐकायची. ठरल्या वेळात ठोके खाली आले नाहीत, तर घोडा बाद.

"म्हणजे पळण्यापेक्षा शांत होणं अवघड," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घरात कुणालाच जमायचं नाही."

घोडी त्यांच्या मुलाची. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच त्याने ती आणली, आणि सासूबाईंनी तिचं नाव ठेवलं दुसरी सून. पहिली निदान भांडी तरी विसळते, ही नुसती खाते, असं आल्यागेल्याला सांगायच्या. मुलगा गेला त्या दिवशी तबेल्यात सापडला, खोगिरावर छाती टेकून, डोळा लागल्यासारखा. जन्मापासूनच त्याच्या काळजाचा एक ठोका मध्येच गळायचा. लहानपणी त्याला निजवताना सासूबाईंचा हातसुद्धा तसाच चालायचा. थप, थप, थप, एक गाळून पुन्हा थप.

आता घोडी पोसणं सुनेला झेपत नव्हतं. "आज दौड पुरी झाली तर घोडेस्वारीची शाळा हिला सांभाळेल, मलाही शिकवायला घेईल," ती म्हणाली होती. "नाहीतर गिऱ्हाईक बघितलंय, आई. खोगिरासकट जाईल."

"जाऊ दे की," सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि त्या दिवशी जेवल्या नव्हत्या.

पहिल्या फेरीनंतर घोडी आली. सून खाली उतरते न उतरते तोच सासूबाईंनी नळी टेकवली. "येतायत की! चांगले खणखणीत आहेत."

पाणी मारणारा माणूस फिस्सकन हसला. "मावशी, ते खोगीर आहे. खाली घोडी आहे."

"मग माझ्या कानात वाजतंय काय?"

"तुमचेच ठोके असतील."

सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो बादली उचलून दुसऱ्या घोड्याकडे गेला. कानात वाजताना एक ठोका मध्येच गळला होता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. स्वतःलासुद्धा नाही.

शेवटची तपासणी ऐन उन्हात आली. घोडी घामाने काळी पडली होती. खोगीर उतरवून कुंपणावर टाकलं. मानेवर पाणी मारलं, सावलीत घेतलं, पुन्हा पाणी मारलं. सासूबाईंच्या कानात नुसती धावाधाव चालली होती.

"उतरतायत का, आई?" सुनेने स्पंज पुन्हा बादलीत बुचकळला.

"नाही गं."

घोड्यांच्या डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. "आता थोडाच वेळ आहे."

घोडीचे दोन्ही कान कुंपणाकडे वळलेले होते. लगाम ताणून ती तिकडेच मान लांबवत होती.

सासूबाई गेल्या आणि खोगीर उचलून घेऊन आल्या. तसं ते चांगलं जड, पण निजलेलं मूल आणावं तसं त्यांनी ते कडेवर आणलं.

घोडीने त्यात तोंड खुपसलं आणि लांब श्वास सोडला.

सासूबाईंनी एका हाताने नळी धरली. दुसरा हात खोगिरावर आपोआप चालू लागला. थप, थप, थप.

धावाधाव मंदावली.

मग घोडीच्या छातीत एक ठोका गळला. नेमका तिथेच.

सासूबाईंनी नळी काढून डॉक्टरांना दिली. त्यांनी बराच वेळ ऐकलं. "उत्तम. एकदम सरळ चाल आहे. जाऊ द्या."

"एकही गळला नाही?"

"नाही. का हो?"

"काही नाही. म्हातारीचे कान आहेत."

दौड पुरी झाली. दौड बघायला आलेल्या घोडेस्वारीच्या शाळेच्या बाईने तिथेच सुनेच्या हातात हात दिला. सून रडली. सासूबाईंनी "आता काय झालं रडायला?" म्हणत स्वतःचंही नाक पुसून घेतलं.

संध्याकाळी सून गाडी चालवत होती. घोडी मागे जोडलेल्या गाडीत होती. मागच्या सीटवर सासूबाई, आणि त्यांच्या शेजारी खोगीर. त्यावर त्यांनी आपली शाल पांघरली होती.

"आई, काही खाल्लंत का?"

"दुसऱ्या सुनेने खाल्लं का ते बघ आधी. आज तिने कमावलंय."

सून हसली. थोड्या वेळाने जांभई देत म्हणाली, "आई, ते थापटणं थांबवा ना. मला झोप येतेय."

सासूबाईंनी खाली बघितलं. त्यांच्या दोन्ही हातांत चहाचा पेला होता.

"पुरे रे आता," त्या हळूच म्हणाल्या. "ती गाडी चालवतेय."

शालीखालची थाप थांबली. एक ठोका गाळून पुन्हा सुरू झाली, जरा हळू.