कपाटाने संपवायचं

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोललो तर सॅक्सोफोनची रीड, ती तोंडात धरायची पट्टी, माझ्या ओठालाच चिकटो. आता थोडं तिखटमीठ आहे, पण ते कोण लावत नाही?

माझा दोस्त कपाट गेल्याला वर्ष होत आलं होतं. तो डबल बास वाजवायचा. माणसाहून उंच, चार जाड तारांचं ते धूड पाठीवर घेऊन जिने चढायचा, म्हणून कपाट. त्याच्या तळघरात आम्ही दोघंच वाजवत बसायचो. ना ठरलेली चाल, ना ताल, सुचेल ते. नियम एकच: ज्याने सुरू केलं त्याने संपवायचं नाही. मी सुरू केलं असेल, तर त्याने तारांवर पंजा ठेवला की संपलं.

त्या दुपारी त्याच्या बायकोने बोलावलं.

"भाऊजी, ते धूड घेऊन जा आता. मला बघवत नाही त्याच्याकडे."

"आणि मला बघवेल होय, वहिनी?"

"तुम्हाला काय! तुम्ही डोळे मिटूनच वाजवता."

त्या चहा टाकायला गेल्या, मी खाली उतरलो. गजाला लावायच्या राळेचा, ओल्या भिंतींचा तोच वास. बास कोपऱ्याला टेकलेला. सॅक्सोफोन गळ्यात होताच. सवयीने डोळे मिटले आणि एक लांब सूर सोडला.

कोपऱ्यात काहीतरी घुमलं...

घाबरलो नाही. बंद खोलीत फुंकलं की तारा आपोआप घुमतात. पण मी वरच्या सुरात गेलो, तर बास मुद्दाम खाली गेला. मी हळवा झालो, तर त्याने खर्रकन चेष्टा केली. ही कपाटाचीच खोड! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू... रडत होतो आणि फुंकत होतो.

मग दम संपत आला, आणि ध्यानात आलं... सुरुवात मी केली होती. थांबणं माझ्या हातात नव्हतं. थांबायचंही नव्हतं, हे संपलं की कपाट दुसऱ्यांदा जाणार. तोंडात रक्ताची चव आली. गुडघे जमिनीला टेकले...

तेवढ्यात वहिनी जिना उतरून आल्या. तारांवर सपाट पंजा ठेवला. "पुरे, भाऊजी... दमलात."

एकदम शांतता.

तुम्ही म्हणाल, बास वाजला ही थाप. छे! थाप मारली ती वहिनींबद्दल. त्या खाली आल्याच नव्हत्या. वर कपबशा मांडत होत्या.

पंजा मात्र खरा.