विसाच्या लेन्समधली सुंदराबाई

मंगळवारी दुपारी उन्नती दिवागावात नामदेवकाकांच्या घरी आली, तेव्हा पुढं केलेलं पाणीसुद्धा तिनं घेतलं नाही. ट्रायपॉड सरळ ओटीवर रोवला.

"गावच्या ग्रुपवर काय लिहिलंत, काका? मी मेलेली माणसं फोटोत चिकटवते? दोन लग्नांची कामं गेली माझी. आज तुमच्या डोळ्यांदेखत फोटो काढते."

"काढ ना," नामदेव म्हणाला. "माझी आई जाऊन चार वर्षं झाली, नि आमच्या मैत्रीच्या हळदीच्या फोटोत कोपऱ्यात बसलीय. पोरीच्या हळदीत असली मस्करी करतात काय?"

"मस्करी कसली?" त्याची बायको गोजरा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "धवलारनीनं गाऊन पितरांना बोलावलं. त्यांना परत धाडायचा धवला गाऊन व्हायच्या आत तुमी डीजे लावलात. मी तवाच बोललेली."

"तू आत जा."

हळदीसाठी उन्नतीनं ऐरोलीच्या फहादकडून दोन लेन्स भाड्यानं आणल्या होत्या. एक विकत घ्यायची होती, म्हणून दोन्ही ताडून पाहायच्या होत्या. चोवीस मिलिमीटरची मांडवाच्या अंधारातही भरपूर उजेड ओढायची. विसाची थोडा कमी, पण तिची चौकट रुंद. आज त्याच दोन पुन्हा आणल्या. फहादनं दोन्ही विटांच्या भिंतीसमोर कोपरा न् कोपरा तपासून दिल्या होत्या. "ताई, लेन्स समोरचं दाखवते. तिला काय कळतं कोण जिवंत, कोण नाही?" असं तो म्हणाला होता.

आधी चोवीस लावली. भिंतीशी उभा नामदेव, बाकी काही नाही.

मग वीस. तोच नामदेव, आणि डावीकडं वाढलेल्या कोपऱ्यात पाट. पाटावर हिरव्या लुगड्यातली म्हातारी, पाठमोरी.

"मोबाईलवरून टाकलीस."

उन्नतीचे कान तापले. तिनं त्याच्यासमोर कार्ड कोरं केलं. "आता तुम्हीच दाबा. मी हात मागं बांधून उभी राहते."

त्यानं बटण दाबलं. पाटावर म्हातारी होतीच. फक्त आता तोंड इकडं होतं.

"ही विसाचीच खोड हाय," नामदेव कॅमेऱ्यापासून मागं सरला. "चोवीसात कुठं हाय ती?"

"चोवीसात तो कोपराच मावत नाही," उन्नती चिडून म्हणाली. तिच्या नावाला काळिमा लागलाच होता, आता लेन्सलाही? तिनं चोवीस चढवली, कॅमेरा कोपऱ्याकडं वळवला.

पाट रिकामा.

विसानंही पाट रिकामाच.

"गेली," नामदेवनं कपाळ पुसलं. "बघ, खोटीच होती."

"एकदा पहिल्यासारखे भिंतीशी उभे राहा. शेवटचा काढते."

चोवीस पुन्हा चढली. बटण दबलं.

उन्नतीनं स्क्रीन पाहिली.

चौकटीच्या मधोमध, टाचा उंचावून, सुंदराबाई लेकाच्या कानाशी लागली होती. केस न् केस स्पष्ट. ओठ उघडे.

"काय आलं गं?" गोजरानं विचारलं.

उन्नतीनं कॅमेरा बंद केला.

"तुमचंच खरं, काका," ती हळूच म्हणाली. "मीच चिकटवली होती. तसं लिहा ग्रुपवर."

नामदेवचं लक्ष नव्हतं. बुटक्या माणसाचं ऐकताना झुकवावी तशी त्यानं मान एका बाजूला झुकवली होती.

"हां गं आई," तो म्हणाला. "चपला घालतो नि येतो."