ज्या मंगळवारी भोंगा वेळेवर वाजला

"आज पाच वाजता मालक माझं नाव पोलिसांत देणार हायेत, अक्का. त्याच्या आत काही होईल का?"

दारात उभी असलेली मुलगी चोवीस-पंचवीसची असावी. उन्हातून चालत आल्यानं चेहरा लाल झाला होता, पण आवाज कापत नव्हता.

सुंदरम्मा हत्तुरे यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "बा यव्वा, कुंद्रु," असं कानडीत म्हणत त्यांनी तिला बसायला खुर्ची पुढं सरकवली. "उदयसिंह, पाणी द्या."

टेलिफोन खात्यात तीस वर्षं तारा तपासल्यावर सुंदरम्मांनी साखर पेठेत खासगी तपासाचं हे छोटं कार्यालय काढलं होतं. त्यांचे सहकारी उदयसिंह मूळचे करकंबचे, पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. अंगानं भक्कम, मनानं साधे, आणि कबुलीजबाबाखेरीज गुन्हा सुटत नाही अशा ठाम मताचे.

मुलीचं नाव दाक्षायणी. ती दुधनीची. अक्कलकोट रोडवर गुरुसिद्धप्पांचा टॉवेलांचा कारखाना आहे, तिथं ती नक्षी काढते. तीन महिने खपून तिनं ज्वारीच्या कणसांची एक नक्षी तयार केली होती. उद्या त्या नक्षीचा माल हैदराबादच्या प्रदर्शनासाठी रवाना व्हायचा होता. पण गुरुवारी मोबाईलवर दुसऱ्या एका कारखान्याचं माहितीपत्रक आलं, आणि त्यात तीच कणसं डोलत होती.

"फाइल आमच्या डिझाइनच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर घेतलीया," दाक्षायणी म्हणाली. "मंगळवारी दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी. तशी नोंद हाय."

"आणि त्या वेळी खोलीत कोण होतं?"

"मीच. एकटी."

उदयसिंहांनी पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. "मग कबूल केल्यालं बरं की, बाळ."

"उदयसिंह, चोर असती तर ती इथं कशाला आली असती?"

"त्ये बी खरंच म्हणा."

दाक्षायणीनं पर्समधून एक कागद काढला. डिझाइनच्या खोलीचं दार कार्ड लावल्याशिवाय उघडत नसे. आत जाताना एकदा, बाहेर येताना एकदा. मंगळवारी बारा ते दीडच्या दरम्यान तिघांच्याच नोंदी होत्या. कॉम्प्युटरचं काम बघणारा नंदीश बारा दहाला आत गेला, बारा पंचवीसला बाहेर आला. विक्री सांभाळणारे इंद्रजीतसाहेब बारा चाळीस ते बारा पंचावन्न. मग दाक्षायणी, एक दोन ते एक वीस.

"मी डबा खायला गेले होते. कॉम्प्युटरचा पडदा काळाच होता. मी हातसुद्धा लावला न्हाय, अक्का."

सुंदरम्मांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे एक घड्याळ दाराचं, एक घड्याळ कॉम्प्युटरचं, आणि दोघांच्या मध्ये तू. चल. रिक्षा बोलवा, उदयसिंह."

*

गुरुसिद्धप्पांनी त्यांना नाखुशीनंच बसवून घेतलं. समोर पोलिसांसाठी लिहिलेला अर्ज होता. सही राहिली होती.

"या मुलीला मीच शिकायला पाठवलं होतं," ते म्हणाले. "मला का आनंद आहे? पण बाई, माणूस खोटं बोलतो, घड्याळ बोलत नाही. कॉम्प्युटरचा पासवर्ड चौघांना माहीत. मी त्या दिवशी गावात नव्हतो. उरले तिघं."

"त्या तिघांना आणि कारखान्यात आणखी एक-दोघांना मी भेटते. पाचपर्यंत थांबा."

पहिला नंदीश. चष्मा सारखा वर ढकलणारा, सरळ पण आळशी मुलगा.

"मी प्रिंटरची शाई बदलायला गेलो होतो. वेळेचं म्हणाल तर काळजीच नको, मॅडम. गच्चीवर एक पेटी आहे. ती उपग्रहाकडून वेळ घेते आणि दर मिनिटाला तारेवर पुकारा करते, आता इतके वाजले म्हणून. आतली सगळी यंत्रं ते ऐकून आपली घड्याळं लावतात. कुणी विचारायला जात नाही, ती कुणाला उत्तर देत नाही."

"गावच्या दवंडीसारखं."

"अगदी तसंच."

"आणि दाराचं घड्याळ?"

"दार आणि गेट सिक्युरिटीवाल्यांच्या वेगळ्या तारेवर आहेत. मध्ये राउटर. आपला पुकारा त्याच्यापलीकडे जात नाही. ते आपली वेळ बाहेरून इंटरनेटवरून घेतात. पण गुरुवारी मी दोन्ही ताडून पाहिली. सेकंदाचा फरक नाही."

"मंगळवारी होता का?"

नंदीश घुटमळला. "घड्याळानं उडी मारली तर कॉम्प्युटर टिपून ठेवतो. पण ते टिपण मी बंद ठेवलंय. डिस्क भरते."

"कधी बिघडलं होतं का हे सगळं?"

"गेल्या दिवाळीत. तारांच्या खोलीत साफसफाई करताना कुणीतरी पेटीची तार काढून तिथं भोंग्याच्या कॉम्प्युटरची खोचली. पेटी यायच्या आधी तोच पुकारा करायचा, अजून करतो. दिवसभर सगळी घड्याळं पुढं! इंद्रजीतसाहेब एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या मीटिंगला बारा मिनिटं आधी जाऊन बसले आणि मला सगळ्यांसमोर झापलं. तेव्हापासून ती तार नुसती लोंबत ठेवलीय."

"खोलीला कुलूप?"

"झाडूसुद्धा तिथंच असतो, मॅडम. कुलूप कसं लावणार?"

*

भोंगा ज्यांच्या ताब्यात होता ते ईरप्पा मुकादम छपरी मिशांचे, साठीचे गृहस्थ.

"बारा मिनिटं पुढं? व्हय, मीच ठेवतो," ते अभिमानानं म्हणाले. "माझ्या आधीच्या मुकादमानं शिकवलं. भोंगा पुढं असला की माणूस धावत येतंय. दर सोमवारी सकाळी मोबाईल बघून बराब्बर बारा मिनिटं पुढं करतो. एक कमी न्हाय, एक जास्त न्हाय."

"या मंगळवारी बदललं होतं?"

"सोमवारनंतर मी त्याला हात लावत न्हाय. उगं विचारू नका."

पॅकिंग विभागात सारजाबाई गठ्ठ्यांवर लेबलं चिकटवत होत्या. लेबलाचं यंत्र प्रत्येक चिठ्ठीवर तारीख-वेळ छापत होतं. दाक्षायणीला बघून त्यांनी तिच्या पाठीवर जोरात थाप मारली.

"ही चोर? अवं, हिला चटणी चोरून खाता येत न्हाय! आमच्या डब्यातली मागून घेती."

"मंगळवारी दुपारी तुम्ही इथंच होता?"

"गाडी भरत हुतो की. जेवायला बसले न बसले तोच सुट्टी संपल्याचा दीडचा भोंगा. म्हटलं, झालं, ईरप्पानं पोटावर पाय दिला. पर यंत्रावर बघितलं तर खरंच दीड! कदी न्हाय त्यो भोंगा टायमावर वाजला. मी ईरप्पाला म्हटलं बी, मुकादम, आज देव पावला का तुमाला?"

"त्ये काय म्हनाले?" उदयसिंहांनी विचारलं.

"मिशी फेंदारली, दुसरं काय."

सुंदरम्मा हसल्या नाहीत. त्यांनी मंगळवारच्या लेबलांची यादी मागून घेतली आणि उदयसिंहांना गेटवर पाठवलं. ते गेटपासची प्रत घेऊन धापा टाकत परतले.

"गाडी एक वाजून धा मिनिटांनी भाईर पडलीया, अक्का. त्यात काय एवढं?"

"शेवटच्या गठ्ठ्याचं लेबल एक एकोणीसचं आहे. तो गठ्ठा त्याच गाडीत गेला."

उदयसिंहांनी दोन्ही कागद डोळ्यांजवळ नेले, लांब नेले. "म्हंजी गाडी आधी गेली आन् गठ्ठा मागनं बांदला? मग त्यो गाडीत चढला कसा?"

"हाच प्रश्न आता इंद्रजीतसाहेबांना विचारू. पण तुम्ही काही बोलू नका."

इंद्रजीत नीटनेटके, गोड बोलणारे. "मी नमुने घ्यायला गेलो होतो. बारा पंचावन्नला बाहेर. मुलगी हुशार आहे हो, वाईट वाटतं. पण नोंद स्पष्ट आहे."

"कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं असेल तर?"

"शक्यच नाही. मंगळवारी दोन वाजता मी स्वतः दाराच्या काचेतून डोकावून मोबाईलशी ताडून पाहिलं होतं. अचूक होतं."

"आभारी आहे," सुंदरम्मा म्हणाल्या. "फार मदत झाली."

*

चार वाजता मालकांच्या खोलीत सगळे जमले. डिझाइनचा कॉम्प्युटर सुंदरम्मांनी तिथं आणवून तारेला जोडायला लावला होता. त्याच्या शेजारी गेटवरच्या वेळेशी जुळवलेलं एक छोटं घड्याळ. दोन्हीत चार वाजून बारा.

"नंदीश, तारांच्या खोलीत जा. गच्चीच्या पेटीची तार काढ आणि तिथं भोंग्याची खोच. मग परत ये."

नंदीश गेला आणि आला. काहीच घडलं नाही. दोन्ही घड्याळं चार तेरा. मग चार चौदा.

इंद्रजीत हसले. "बाई, मला कामं आहेत."

"चहा तरी घ्या. यंत्रं माणसासारखीच असतात. नवा माणूस वेगळं सांगायला लागला की आधी कुरकुरतात, आणि मग पटतं. तोवर मी बोलते."

त्यांनी चष्मा पुसला.

"सारजाबाई म्हणाल्या, मंगळवारी भोंगा वेळेवर वाजला. सगळ्यांना वाटलं, भोंगा सुधारला. पण ईरप्पांनी सोमवारनंतर त्याला हात लावला नव्हता. भोंगा नेहमीसारखा बारा मिनिटं पुढंच होता. मग तो लेबलाच्या यंत्राशी जुळला कसा? यंत्रच बारा मिनिटं पुढं गेलं होतं."

"अंदाज आहे हा," इंद्रजीत म्हणाले.

"गाडी एक दहाला गेली. तिच्यातल्या गठ्ठ्यावर एक एकोणीस छापलंय. गाडी गेल्यावर गठ्ठा कुणी बांधत नाही. गेटनं तो खोटा पुकारा ऐकला नाही, कारण मध्ये राउटर. लेबलाच्या यंत्रानं ऐकला. आणि त्याच तारेवर असलेल्या डिझाइनच्या कॉम्प्युटरनंही."

गुरुसिद्धप्पा पुढं सरकले. "म्हणजे फाइल घेतली ती..."

"कॉम्प्युटर म्हणतो एक पाच. बारा वजा करा, मालक."

"बारा त्रेपन्न," दाक्षायणी एकदम म्हणाली.

"दाराचं घड्याळ मात्र खरं होतं. बारा त्रेपन्नला ही मुलगी आत नव्हती. नंदीश केव्हाच बाहेर पडला होता. बारा चाळीस ते बारा पंचावन्न आत कोण होतं, ते कागदावर आहे."

इंद्रजीतांनी चहाचा कप बाजूला सारला.

"तारा नंदीशला कळतात. मला कळत नाहीत."

"एक तार काढून दुसरी खोचायला काय कळावं लागतं? त्यानं काय होतं, हे तुम्हाला दिवाळीतच समजलं. तुम्हीच त्यावरून ओरडला होता. दाक्षायणी रोज एक वाजता एकटी डबा खाते, हे साऱ्या कारखान्याला ठाऊक. तुम्ही दुपारी तार बदललीत, फाइल घेतलीत, ती खोलीतून गेल्यावर तार पुन्हा जागेवर लावलीत. सगळं पूर्ववत. फक्त पॅकिंगमध्ये एक यंत्र वेळ छापत बसलंय, हे विक्रीच्या माणसाच्या ध्यानात आलं नाही."

"हे तुम्ही सिद्ध..."

"तुम्हीच केलंत. चोरी उघडकीला आली गुरुवारी. मंगळवारी दोन वाजता कुणाला कसलीच शंका नव्हती. मग विक्रीचा माणूस दुसऱ्याच्या खोलीत डोकावून कॉम्प्युटरचं घड्याळ मोबाईलशी का ताडतो? ते पुन्हा बरोबर झालंय की नाही, याची काळजी एकाच माणसाला असणार."

तेवढ्यात उदयसिंह ओरडले, "अक्का! बगा, बगा!"

गेटच्या घड्याळात चार एकवीस. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चार तेहेतीस.

नंदीशनं कपाळाला हात लावला. "पुकाऱ्याला परवलीची किल्ली लावता येते. मग अनोळखी आवाज कुणी ऐकत नाही. मी लावलीच नव्हती."

"आज लाव. आणि खोलीला कुलूपही."

इंद्रजीत उठू लागले, तर उदयसिंह त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभे होते. "बसा की साहेब. आता कबुलीजबाब."

"त्यांनी मोठं पद देऊ केलं होतं," इंद्रजीत खाली मान घालून म्हणाले. "रिकाम्या हातानं येऊ नका म्हणाले."

गुरुसिद्धप्पांनी समोरचा अर्ज फाडला आणि कोरा कागद ओढून दुसऱ्या नावानं लिहायला घेतला. सही करून झाल्यावर ते दाक्षायणीसमोर आले. साठ वर्षांच्या त्या माणसानं हात जोडले.

"पोरी, चुकलो. काय करू सांग."

"माफी नको, अण्णा," ती म्हणाली. "आजवर नक्षी कारखान्याच्या नावानं जायची. ही माझ्या नावानं जाऊ दे. टॉवेलाच्या काठात विणून."

"उद्या सकाळी माल निघणार! वेळ कुठाय?"

"मी तासात फाइल करते. माग कोण लावतंय तेवढं सांगा."

"मी लावतो," ईरप्पा मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "बगू कोन म्हनतंय न्हाय होत."

सहा वाजता सगळा कारखाना त्या एका मागाभोवती गोळा झाला होता. सुंदरम्मा आणि उदयसिंहही थांबले होते. खडखडाटात कणसांची एक रांग वर सरकली, मग काठ, आणि काठात पिवळ्या धाग्यानं एकेक अक्षर उमटू लागलं.

"काय लिव्हलंय गं?" सारजाबाईंनी ओरडून विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

दाक्षायणीनं मागाच्या आवाजावर आवाज चढवला, आणि आपलं पूर्ण नाव सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.