इंदूरला आलात तर घरी या

त्या सकाळी चारुलताबाई टोकेकर ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे डबे घेऊन दाराबाहेर पडल्या, तेव्हा त्यांच्या मनात भीतीबिती काही नव्हती. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत लोकमान्य नगरच्या वळणावर आली होती आणि ती चुकली असती तर कैरीच्या साली दिवसभर घरात वास मारत बसल्या असत्या. मनात होतं ते एवढंच. पण उंबरा ओलांडला आणि त्या जागच्या जागी थबकल्या, कारण दारासमोरच्या फरशीवर चिखल होता.

नुसता चिखल असता तर एक वेळ ठीक होतं. हे चपलांचे ठसे होते. पाहुण्यांनी दाराशी चपला काढून आत जावं तसे, जोडीजोडीने, नीट लावलेले, बोटं दाराकडे आणि टाचा जिन्याकडे. फक्त चपला तेवढ्या नव्हत्या.

दिवस वैशाखाचे. नर्मदेचं पाणी नळाला एक दिवसाआड यायचं आणि जिना वाळून खडखडीत झालेला. तरी चिखल ओला होता आणि लालभडक होता. माळव्याची माती काळी. मोगऱ्याच्या कुंडीत घालायला लाल माती हवी म्हणून बाईंनी मागे नर्सरीतून पोतं विकत आणलं होतं, आणि इथे ती कोणीतरी फुकट आणून टाकत होतं.

खरं तर माणसाने घाबरायचं ते इथेच. पण इंदूरचा माणूस दारात घाण दिसली की आधी चिडतो, घाबरायचं मग बघतो. बाईंनी कचरा गाडीत टाकला आणि येता येता खालच्या मजल्यावरच्या नंदूला दारातच धरला. नंदू जमिनींच्या सौद्यांत दलाली करायचा आणि उरलेल्या वेळात गल्लीला सल्ले द्यायचा. मुलं चपला घालून वर-खाली करतात का, असं बाईंनी जरा चढ्या आवाजात विचारलं.

“आई शप्पथ काकू, आमचं कोणी नाही,” नंदू म्हणाला. “हे कोणी जलनखोर लोक करून राहिलेत. तुम्ही कॅमेरा लावून टाका न. मी डिस्काउंटमध्ये करवून देतो.”

बाईंनी कॅमेऱ्याचं पुन्हा नाव काढू दिलं नाही. बादलीभर पाणी जिवावर येऊन ओतलं, फरशी घासली आणि विषय संपवला. दुसऱ्या दिवशी ठसे पुन्हा होते आणि आदल्या दिवसापेक्षा जास्त होते. त्यांत काही अगदी लहान होते.

मग दुपारचे प्रकार सुरू झाले. साहेब, म्हणजे बाईंचे यजमान श्रीहरी टोकेकर, जेवून आतल्या खोलीत झोपलेले असत. बाहेर ऊन रणरणत असे आणि गल्लीत चिटपाखरू नसे. अशा वेळी दाराबाहेर चपला सरकल्याचा आवाज येई. मग कोणीतरी हळूच घसा साफ करी. घंटी वाजवायचा संकोच वाटणारे पाहुणे करतात ना, तसा. बाई दार उघडत, तर बाहेर कोणी नसे. वास मात्र येई, ओल्या लाकडांच्या धुराचा आणि भिजलेल्या घोंगडीचा. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात भिजलेली घोंगडी.

एकदा त्या दार लावून मागे वळल्या, तर दिवाणावरची चादर दबलेली. सकाळीच ताणून घातलेली चादर, आणि ती कडेकडेने तेवढी दबलेली. मधे टेकून, पाय पसरून कोणी बसलं नव्हतं. परक्याच्या घरात माणूस संकोचाने जेवढा टेकतो तेवढेच ते टेकले होते. जन्मभर आल्यागेल्याचं केलेल्या बाईला ही बसण्याची तऱ्हा न समजेल तर कोणाला? आता मात्र त्या घाबरल्या. पण हातपाय आपल्या वळणावर चालत राहिले. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी चहा टाकला, कपांत ओतला, ट्रे दिवाणासमोर ठेवला आणि पाठ न दाखवता मागे मागे सरकत आत गेल्या. थोड्या वेळाने येऊन पाहिलं, तर कप काठोकाठ तसेच होते. चहा मात्र फ्रिजमधून काढल्यासारखा गार पडला होता. आलेल्यांनी त्यातली ऊब तेवढी घेतली होती.

इथे साहेबांबद्दल सांगायला हवं. ते रिटायर्ड डीएसपी. कोवळ्या संसारात बाईंना सोडून ते शांतिसेनेच्या एका परदेशी मिशनवर गेले होते. तिथे दोन जमातींचं पेटलेलं होतं आणि यांना निरीक्षक म्हणून नेमलेलं. काम एकच, पाहायचं. पांढरी जीप, निळी टोपी आणि खांद्याला वायरलेस. बंदूक सोडा, लाठीसुद्धा द्यायची नाही असा नियम. पाहुण्याच्या हातून साप मारून घ्यावा म्हणतात, पण या पाहुण्याचा हात नियमानेच रिकामा ठेवलेला. त्या मिशनच्या गमती साऱ्या इंदूरला पाठ होत्या. माकडाने निळी टोपी पळवली ती गोष्ट, जीप चिखलात रुतली आणि अख्ख्या शाळेने ढकलली ती गोष्ट. कोणाचंही लग्न असो, पंगतीत माकड टोपी घेऊन झाडावर चढायचंच. लोक हसून हसून बेजार व्हायचे. बाईही हसायच्या. पण माकड झाडावरून खाली उतरलं की साहेब गोष्ट तिथेच थांबवतात आणि कढी मागतात, हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी मनावर घेतलं नव्हतं.

महिन्यापूर्वी परदेशातल्या एका न्यायालयाची मेल आली. त्या काळचा तिथला एक अधिकारी म्हातारपणी पकडला गेला होता आणि आपण कत्तलीच्या दिवशी त्या गावात नव्हतोच असं सांगत होता. त्याला तिथे पाहिलेला, जिवंत असलेला बाहेरचा माणूस एकच, श्रीहरी टोकेकर. घरबसल्या व्हिडिओवर साक्ष द्यायची होती. ते बोलले नाहीत तर तो माणूस मोकळा सुटणार होता. साहेबांनी ब्लडप्रेशरचं कारण सांगून नकार लिहून ठेवला होता, फक्त पाठवायचा राहिला होता. बाईंचंही मत तेच होतं. जुनी भुतं कशाला उकरायची, असं त्या अगदी याच शब्दांत म्हणाल्या होत्या.

तर त्या दिवशी गार चहाचा ट्रे हातात घेऊन बाईंनी साहेबांना उठवलं आणि दारात नेलं. रोज ते उठायच्या आत त्या फरशी धुऊन टाकत, म्हणून त्यांनी ठसे पाहिलेच नव्हते. आता दुपारचे ताजे ठसे समोर होते. साहेब वाकले. कडेच्या एका जोडीतल्या डाव्या ठशामागे लांब ओरखडा होता, पाय ओढत चालणाऱ्या माणसाचा असतो तसा. साहेबांनी भिंतीचा आधार घेतला आणि हळूहळू खाली, उंबऱ्यावरच बसले.

“मास्तरीणबाई,” ते म्हणाले.

मग तिथेच, उघड्या दारात, त्यांनी माकडाच्या पुढची गोष्ट सांगितली. ज्या शाळेने जीप ढकलली होती तिच्याच आवारात आसपासची माणसं जीव मुठीत धरून येऊन राहिली होती. पांढरी जीप फाटकाशी उभी आहे तोवर आपल्याला कोणी हात लावणार नाही, असं त्यांना वाटे. मग वायरलेसवर हुकूम आला, निघा. साहेब निघाले. पावसाची झड लागली होती. माणसं, पाय ओढत शाळेच्या मास्तरीणबाईसुद्धा, फाटकापर्यंत पोचवायला आली. कोणी रडलं नाही, कोणी अडवलं नाही, आणि म्हणूनच साहेबांना तिथे उभं राहवेना. काहीतरी बोलायला हवं होतं.

“मग काय बोललात?” बाईंनी विचारलं.

“आपण बोलतो तेच. कधी इंदूरला आलात तर घरी या म्हटलं... पोहे खिलवतो.”

“कोणाला म्हणालात?”

“सगळ्यांना.”

इंदूरचा माणूस हे वाक्य भाजीवाल्याला म्हणतो, गाडीत भेटलेल्या अनोळखी माणसाला म्हणतो, चुकून लागलेल्या फोनवरही म्हणतो. कोणी येत नसतं. ज्यांना जगात दुसरं कुठे जायला जागाच उरली नाही, ते मात्र येतात. बाईंचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्यांना संतापही आला.

“एवढी माणसं जेवायला सांगितलीत, आणि बायकोला अक्षराने बोलला नाहीत,” त्या म्हणाल्या. “मी मेली इतके दिवस त्यांना दाराशी ताटकळत ठेवून राहिले, आणि आज नुसत्या चहावर बसवलं.”

साहेबांना हसू आलं आणि मग रडू आलं. दोन्ही आवरल्यावर ते म्हणाले, की ही माणसं काही पोह्यांसाठी आलेली नाहीत. ते बाईंनाही कळलं होतं. पाहुणा तोंडाने मागत नाही, पण ज्यासाठी आला ते मिळाल्याशिवाय उठतही नाही. नकाराची मेल त्यांनी साहेबांच्या हातून पुसवून घेतली आणि पोहे निवडायला बसल्या.

साक्षीच्या दुपारी नंदूने हॉलमध्ये लॅपटॉप लावून दिला. इंटरनॅशनल मॅटर आहे काका, नेट माझं वापरा, असं तो अभिमानाने म्हणाला. साक्षीदार खोलीत एकटा हवा, असा न्यायालयाचा नियम होता, म्हणून त्याला खाली धाडलं. बाईंनी दिवाणापुढे पोह्यांच्या बशा मांडल्या, वर शेव, लिंबू आणि जिरावण मसाला घातला. लहानांच्या बशांत जिलबीचे तुकडे ठेवले. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या, दार लावून घेतलं आणि त्याला कान लावला.

पडद्यावर न्यायाधीशबाई होत्या आणि एका कोपऱ्यात दुभाषी म्हणून बसलेली, त्याच देशातली एक प्रौढ बाई. साहेबांनी शपथ घेतली. तेवढ्यात न्यायाधीशबाईंनी थांबवलं. साक्षीदाराने एकटं बसायचं आहे, तुमच्या मागच्या लोकांना बाहेर जायला सांगा, असं त्या सौम्यपणे म्हणाल्या.

बाईंनी दाराआड आपलाच हात तोंडावर दाबला. घरात माणूस नव्हता... साहेब आणि त्या सोडून कोणी नव्हतं. धुराचा वास दाराखालून आत येत होता.

साहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. खुर्ची जरासुद्धा करकरली नाही.

“ते माझ्याकडे आलेले पाहुणे आहेत,” ते म्हणाले. “त्यांना उठा म्हणणं मला जमणार नाही. एकदा मीच त्यांना सोडून उठलो होतो.”

मग त्या दुभाषी बाईने अगदी हलक्या आवाजात, तिच्या भाषेत दोन शब्द उच्चारले. नमस्कारासारखे वाटले. आणि हॉलमध्ये, दिवाणाच्या बाजूने, पुष्कळ जणांनी एकदम, दबक्या आवाजात ते दोन शब्द परत केले.

न्यायाधीशबाईंनी खूप वेळाने साक्ष सुरू करायला सांगितलं. साहेब बोलले. त्यात माकड नव्हतं. हुकूम मोडून समोरच्या टेकडीवर जीप थांबवली होती ते सांगितलं. फाटकाशी उभा राहून हाताने खुणा करणारा माणूस कोण होता ते सांगितलं. ओळखण्यात चूक तर झाली नाही ना, असं विचारल्यावर म्हणाले, की त्याच आठवड्यात त्याने माझ्या शेजारी बसून चहा प्यायला होता, साखर जास्त मागितली होती. मग आत काय झालं तेही त्यांनी पाहिलं तसं, पाहिलं तेवढं सांगितलं. बाई दाराआड ऐकत राहिल्या. हाच माणूस इतकी वर्षं पंगतीत आपल्याला हसवत होता, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

संपल्यावर त्या बाहेर आल्या. पोहे जसेच्या तसे होते आणि बशीला बोट लावलं तर बोट गारठत होतं. जिलबीवरचा पाक थिजून पांढरा झाला होता. दिवाणावरची चादर ताठ होती, एक सुरकुती नव्हती.

दुसऱ्या सकाळी दारातले ठसे फिरले होते. टाचा दाराकडे आणि बोटं जिन्याकडे. मास्तरीणबाईंच्या ठशामागचा ओरखडा आता बाहेरच्या बाजूला जात होता. पाहुणे गेल्यावर घर ओकंबोकं वाटतं, तसं बाईंना वाटलं. या वेळी त्यांनी फरशी लगेच धुतली नाही. डबे घेऊन त्या जिन्याकडे वळल्या, आणि तिथूनच त्यांनी साहेबांना हाक मारली.

जिन्याच्या पायरी-पायरीवर ठसे होते. नवे, ओले, बोटं वर घराकडे केलेले. आणि हे लाल नव्हते. कुठे पिवळी रेती होती, कुठे राखेसारखी करडी माती, कुठे बर्फाचं पाणी असावं तसं नितळ. इंदुरात एकाला पोहे खिलवले की अख्खी गल्ली येते, ते बाईंना ठाऊक होतं. या घरी ऐकून घेतात आणि पुढे सांगतात, ही खबर कुठवर गेली होती देव जाणे. बाईंनी घाबरत घाबरतच मनात हिशेब केला, की मोठं पातेलं माळ्यावरून काढावं लागेल.

दोघं एकमेकांना धरून खाली उतरले. रांग नंदूच्या दारावरून पुढे गेली होती. सगळ्यात खालच्या पायरीवर एक जोडी होती, लहान, शाळेच्या बुटांची. तिची माती काळी होती.

साहेबांनी वाकून ती दोन बोटांत धरली, चोळून पाहिली. अस्सल माळव्याची, इंदूरजवळच्या बेटम्याच्या शेतात असते तशी चिकट. मिशन सोडलं तर नोकरीची सारी वर्षं त्यांनी याच मातीत, हातात लाठी आणि कमरेला बंदूक असताना काढली होती. ते वर उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते काल न्यायालयासमोर बोलतानाही नव्हतं.

“आणि हे कोण?” बाईंनी विचारलं.

साहेबांनी बोटं धोतराला पुसली. माती निघेना.

“हिला...” ते म्हणाले, “हिला मी बोलावलं नव्हतं, चारू.”