महादेवरावांच्या मागण्या

सुरभी बारावीला भौतिकशास्त्र शिकवायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत नालवाडीच्या घरी, दुपारी कूलर लावून ती कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायची. डोंगराच्या पोटात बुटक्या माणसांची वसाहत वसवायची, दगड खोदायचा, धान्य साठवायचं. त्रास एकच, सरदारांचा. त्यांना सारखं काहीतरी हवं असायचं आणि मुदतीत मिळालं नाही, की ते कुणातरी कामकऱ्याला शिक्षा करायचे.

सगळ्यात हट्टी सरदाराला तिने गमतीने सासऱ्यांचं नाव दिलं. महादेवराव. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण सुनेने सासऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून ते तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. टाइप करताना तिला हसू आलं.

सरदार महादेवरावांनी दगडी खुर्ची मागितली. तिने ती घडवून दिली.

दुसऱ्या दिवशी जेवताना सासरे म्हणाले, "सुरभी, मले दगडाची खुर्ची पाह्यजे. हे लाकूड टोचते."

"महादेवाची पिंड होऊन बसता काय आता, बाबा?" तिचा नवरा हेमराज हसला.

सासरे हसले नाहीत.

योगायोग, असं तिने ठरवलं. मग सरदाराचा हुकूम आला, खोलीत उजेड नको. तिने कागदावर वेळ लिहिली, चार वाजून दहा मिनिटं. कुणाला काही बोलली नाही. साडेचारला सासरे खिडकीच्या फटींत वर्तमानपत्र कोंबत होते.

"काऊन, मामाजी?"

"डोळ्याले खुपून राह्यलं."

तिने सरदाराचं नाव बदलून ताराचंद केलं. खेळ बंद करून पुन्हा उघडला. नाव महादेवरावच होतं.

रविवारी हेमराज पुलगावला गेला होता, तेव्हा तिसरी मागणी आली.

'नंदिनी माझ्याजवळ हवी. कायमची. मुदत आज.'

खेळात नंदिनी नावाचं कुणीच नव्हतं. नंदिनी तिची पाच वर्षांची मुलगी.

ती धावत हॉलमध्ये गेली. नंदिनी फरशीवर चित्र रंगवत बसली होती.

"इथून हलजो नको," सुरभी म्हणाली आणि परत आली.

जुन्या खेळाडूंचा एक उपाय तिला ठाऊक होता. सरदार खोलीत असताना दाराच्या जागी भिंत बांधायची. मग त्याचा हुकूम चालत नाही. तो आतच संपतो. मामाजींचं काय होईल, हे तिच्या मनात आलं. तिने ते बाजूला सारलं.

शेवटचा दगड बसला.

पडद्यावर ओळ उमटली, 'महादेवराव समाधानी आहेत.' त्याखाली, 'खोलीत माणसं: दोन.'

हॉलमध्ये नुसते रंग पडले होते.

सासऱ्यांचं दार लागलेलं होतं. तिने खांद्याने धक्का दिला. लाकूड जरासुद्धा हललं नाही.

"मामाजी! नंदिनीले बाहेर पाठवा!"

"आता मले काईच नको, पोरी." कधी नव्हे इतका मायेचा आवाज.

मग नंदिनी हसली.

खोली बारा फूट लांब होती. हसू त्याच्या कितीतरी पलीकडून आलं.